स्टोरेज सर्व्हरसाठी फाइल सिस्टीम कशी निवडावी

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका फोटो स्टुडिओचा सर्व्हर तपासला तेव्हा दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या, पण जुन्या लग्नांचे काही फोटो अर्धे राखाडी झालेले. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं आणि बॅकअपलाही तेच फोटो गेले होते. म्हणून सगळ्यात आधी हे विचारा: डेटा सडला तर फाइल सिस्टीमला, म्हणजे डिस्कवर फाइल कशा साठवायच्या ते सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, कळेल का?

ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टीम वेगवान आहेत, भरवशाच्याही आहेत; पण चेकसम (डेटा बदलला का हे ओळखायचा पडताळा-आकडा) ठेवतात तो फक्त मेटाडेटाचा, म्हणजे फाइलींच्या नोंदींचा. फोटोच्या आतला एखादा बिट बदलला तर त्यांना पत्ता लागत नाही. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टीम प्रत्येक ब्लॉकचा (डेटाच्या तुकड्याचा) चेकसम ठेवतात, आणि दुसऱ्या डिस्कवर चांगली प्रत असेल तर तिच्यावरून दुरुस्तीही करतात. जपून ठेवायच्या डेटासाठी मी या दोघींपलीकडे बघत नाही.

आता डिस्क मोजा. दोन असतील तर मिरर करा, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत ठेवा; दोन्ही फाइल सिस्टीमपैकी कोणतीही चालेल. चार किंवा जास्त असतील तर झेडएफएसचं रेडझेड२ (डेटा आणि दुरुस्तीची माहिती सगळ्या डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत) घ्या. दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. बीटीआरएफएसच्या अशाच पद्धती, रेड ५ किंवा ६, मात्र टाळाच, त्या अजून भरवशाच्या नाहीत. झेडएफएस लिनक्सच्या कर्नलमध्ये (मूळ गाभ्यात) नसते, पण उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीत ती २०१६ पासून तयार मिळते.

सीताबर्डीत डिस्क घेताना ती सीएमआर (शेजारचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे का, हे मॉडेल नंबरवरून तपासून घ्या. पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी एसएमआर डिस्क स्वस्त पडते, पण डिस्क बदलल्यावर पुन्हा भरायला फार वेळ खाते, आणि नेमका तोच काळ धोक्याचा.

झेडएफएसचा पूल (सगळ्या डिस्क मिळून होणारा साठा) बनवताना अ‍ॅशिफ्ट १२ (म्हणजे ४ केबीचे ब्लॉक) आणि एलझेड४ कॉम्प्रेशन (डेटा आकसून लिहिणं) ठेवा. वीज गेली तरी झेडएफएस जुन्या ब्लॉकवर लिहीत नाही, त्यामुळे आधीची प्रत शाबूत राहते. तरीही यूपीएस हवाच. स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसमशी ताडून बघणं, महिन्यातून एकदा लावा. त्यात सगळ्या डिस्क तासन्‌तास फिरतात, म्हणून नवतपात तो पहाटे सुरू करा आणि स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) डिस्कचं तापमान बघत राहा.

खरा डेटा भरण्याआधी थोड्या फाइल टाका, सर्व्हर बंद करून एक डिस्क काढा आणि पुन्हा चालू करा. पूल ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क कमी) दाखवेल, पण फाइल उघडल्या पाहिजेत. मग डिस्क परत लावून पूल ‘ऑनलाइन’ होईपर्यंत थांबा. हे जमलं की फोटो चढवायला घ्या.