टिफनी पद्धतीच्या लॅम्पशेडला बळकटी कशी द्यावी

रंगीत काचेचे तुकडे कापून, कडांना तांब्याची पट्टी लावून, साच्यावर जोडणी झाली आहे असं धरतो. सांधे आतूनही सोल्डरने, म्हणजे कथील-शिशाच्या मिश्रणाने, भरलेले हवेत. 'आत कोण बघतंय' म्हणणाऱ्यांनी पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत.

'सोल्डर जाड घाला, शेड पक्की होते' हा सल्ला जो तो देतो. तो चुकीचा आहे. कथील-शिशाचं मिश्रण मऊ. वजन कायम टांगलेलं राहिलं की हळूहळू ताणलं जातं. जाड थराने उलट वजनच वाढतं. इपॉक्सी गोंदाचं तर नावही काढू नका. जोर धरतात तांबं आणि पितळ.

खालची कड: दीड-दोन मिमी जाडीची तांब्याची तार. आधी तापवून मऊ करा, चिंचेने घासा, सोल्डरचा पातळ थर द्या आणि कडेला सलग डागा. तारेची दोन टोकं सांध्यापाशीच मिळू द्या. काचेच्या मधोमध जोड आला की पट्टी तिथूनच सुटते.

आता टोपी, म्हणजे शेडच्या वरच्या तोंडावर बसणारं पितळी झाकण. सगळं वजन हिच्यावर, आणि मला सर्वांत जास्त छळलं ते हिनेच. पितळ उष्णता पिऊन टाकतं. वरून सोल्डर वितळल्यासारखं दिसतं, पण खाली धरलेलंच नसतं. असा थंड डाग करडा, रवाळ दिसतो आणि नखाने टवका निघतो. म्हणून टोपी शेडवर ठेवण्याआधी तिला वेगळी कल्हई कराच. बाजारच्या टोपीवर बरेचदा लाखेसारखा पारदर्शक थर असतो. पॉलिश पेपरने पिवळंधमक पितळ दिसेपर्यंत घासा. फ्लक्स (सोल्डर धातूला धरावं म्हणून लावायचं रसायन) लावा, खालून मंद आच द्या (स्वयंपाकाची शेगडी नको, सोल्डरमध्ये शिसं आहे, खिडक्या उघड्या ठेवा). सोल्डर टेकवताच पसरलं पाहिजे. गोळी होऊन घरंगळलं, तर पुन्हा घासा. पसरलं की सुती फडक्याने आतली कड पुसून घ्या, कल्हईवाला पातेलं पुसतो तशी.

टोपी बसवताना समोरासमोर चारच टाके द्या, शेड टांगून बघा. तिरकी असेल तर आत्ताच कळतं. मग शंभर वॉटच्या डागणीने (सोल्डरिंग आयर्नने) उरलेले सांधे एक इकडचा, एक तिकडचा असे भरा. एकाच जागी रेंगाळलात की काच तडकलीच.

शेड चाळीस सेंमीपेक्षा रुंद असेल, तर आतून तीन-चार उभ्या तारा हव्यात: वरचं टोक टोपीला, खालचं कडेच्या तारेला. तार सांध्याच्याच वळणाने वाकवा. काचेवरून सरळ नेली तर दिवा लावल्यावर काळी रेघ दिसते, मग कितीही पुसा.

साबणाच्या कोमट पाण्याने फ्लक्स धुऊन काढा. बल्ब एलईडीच लावा.

टांगताना वजन साखळीवर, साखळी छताच्या हुकात. विजेची वायर मोकळी, सैल लोंबती ठेवा.