डोक्याचा मुका मार आणि लॅबमधली चार वर्षं

"म्हणजे तू उंदरांच्या डोक्यावर वजन टाकतेस?" आईपासून ते ठाणे-वाशी गाडीतल्या माझ्या नेहमीच्या ग्रुपपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. हो, टाकते. ४५० ग्रॅमचं पितळी वजन, दीड मीटर उंचीवरून, उभ्या नळीतून, भूल दिलेल्या रॅटच्या डोक्यावर. एम.फार्म. करून नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर लागले त्याला चार वर्षं झाली. हल्ली ज्युनियर मुलंमुली सारखं विचारतात की मेंदूच्या इजेच्या या विषयात यायचं तर काय करावं लागतं. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी विषय. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत एक मुलगा आहे. घोडबंदर रोडवर पावसात त्याची बाईक घसरली तेव्हा हेल्मेट डोक्यावर नव्हतं, हँडलला लटकत होतं. हॉस्पिटलात त्याचा ग्लासगो स्कोअर १४ भरला. डोळे कधी उघडतो, बोलतो कसा, हातपाय हलवतो का, यावरून ३ ते १५ मध्ये मोजायची ही पद्धत टीसडेल आणि जेनेट या दोघांनी १९७४ मध्ये मांडली. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा खाली गंभीर. सीटी स्कॅन स्वच्छ आलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, आणि सगळे म्हणाले, सुटलो, नुसता मुका मार आहे. सहा महिने झाले तरी त्याला ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नव्हता. सोसायटीचा हिशेब तोंडी करणारा पोरगा दुधाच्या बिलाची बेरीज दोनदा चुकायचा आणि चुकला की आईवर ओरडायचा.

हा मुका मार नेमका कुठे बसतो, तेच आम्ही बघतो. डोकं जोरात हलतं तेव्हा मेंदूतले लांब तंतू ताणले जातात. ते तिथल्या तिथे तुटतातच असं नाही. आत कॅल्शियम शिरतं, तंतूतून चालणारी मालवाहतूक अडते, अडलेल्या जागी प्रथिनं साचून गाठ फुगते आणि काही तासांनी, कधी दिवसांनी, तंतू तिथे तुटतो. साध्या सीटीत यातलं काही दिसत नाही. प्रत्यक्ष फटका काही मिलिसेकंदांचा, तो थांबवायचं काम हेल्मेटचं. त्यानंतर ग्लुटामेट या निरोप्या रसायनाचा पूर, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा बिघाड, सूज, मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रक्षक पेशींची धावपळ असं जे तासन्‌तास चालतं, त्याला दुय्यम इजा म्हणतात. औषधाला काही वाव असेल तर तिथेच, म्हणून आमच्यासारख्या बहुतेक लॅब तिच्याच मागे असतात.

इजा करायच्या पद्धती तीन-चार आहेत. कवटीला भोक पाडून आत द्रवाचा दाब सोडतात, किंवा यंत्राच्या दांड्याने मेंदूच्या पृष्ठभागावर मोजून आघात करतात. ती यंत्रं महाग. आम्ही वापरतो ते मार्मारू यांचं १९९४ चं मॉडेल, वजन आणि नळीवालं. रॅटला फोमच्या गादीवर पालथं झोपवायचं. कवटीवर दहा मिलिमीटर व्यासाची स्टीलची चकती चिकटवायची, म्हणजे मार पसरतो आणि हाड फुटत नाही. वजन सोडायचं, आणि ते उसळून दुसऱ्यांदा आदळायच्या आत रॅट फोमसकट नळीखालून ओढून घ्यायचा. फटक्यानंतर काही वेळ त्याचा श्वास थांबतो. पहिल्यांदा माझाही थांबला होता.

जॉइन झाले तेव्हा सरांनी, म्हणजे आमच्या लॅबप्रमुखांनी, पहिला आठवडा मला रॅटला हातच लावू दिला नाही. रिकाम्या फोमवर वजन टाक आणि ओढ, टाक आणि ओढ. मला वाटलं, आपल्याला बिनकामाचं बसवलंय. त्यामागचं कारण कळायला दुसरा पावसाळा उजाडावा लागला. त्या वर्षी माझे रॅट्स वेड्यासारखे वेगवेगळे वागायला लागले. एक वीस मिनिटं उठायचा नाही, त्याच दिवशीचा दुसरा चार मिनिटांत कुशीवरून सरळ होऊन मिशा साफ करत बसायचा. मी तपासत असलेल्या औषधावर संशय घेतला, भुलीवर घेतला, मग स्वतःच्या हातावर घेतला. खरा गुन्हेगार फोम. एकच तुकडा मी महिनोन्‌महिने वापरत होते, रोज जंतुनाशकाने पुसत होते, आणि पावसाळी हवेत तो धड वाळत नव्हता. मधोमध बसका झाला होता. फोम मऊ झाला की डोकं जास्त खाली जातं, म्हणजे इजाच वेगळी. जवळजवळ पाच महिन्यांचा डेटा बाजूला काढला. सर रागावले नाहीत. "फोमवर तारीख कुठाय?" एवढंच विचारलं, ते जास्त लागलं.

म्हणून या कामात डोकं किती चालतं यापेक्षा हात किती एकसारखा चालतो, हे आधी बघितलं जातं. मंगळवारचा फटका आणि शुक्रवारचा फटका एकच असला पाहिजे. कंटाळा लवकर येत असेल तर खरंच दुसरा विषय घ्या.

परवानग्यांचं वेळापत्रक आधीच समजून घ्या. प्रत्येक संस्थेची प्राणी नैतिकता समिती असते, तिच्यावर प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती, जिला जुनी माणसं अजून सीपीसीएसईए म्हणतात. परवानगीचा 'फॉर्म बी' भरायचा आणि त्यात प्रत्येक रॅटचा हिशेब द्यायचा: एवढेच का, कमी का नाही, वेदनाशामक कधी, कुठल्या टप्प्यावर प्रयोग थांबवणार. माझा फॉर्म दोनदा परत आला आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. दुसरी अडचण भुलीची. केटामाइन हे भुलीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत मोडतं, त्यामुळे खरेदीपासून शेवटच्या मिलिलिटरपर्यंत रजिस्टर. ते रजिस्टर ज्याच्या नावावर असतं त्याने गावी जाताना चारदा विचार करावा.

प्राणीगृहात खरे गुरू सर नव्हेत, काका. तीस वर्षं पिंजरे बदलणारा माणूस आहे. रॅट कसा धरायचा हे मी त्यांच्याकडून शिकले: चिमटीत नाही, तळहातात, बगलेखालून, आणि धरताना घाबरायचं नाही, कारण त्याला ते कळतं. पिक्रिक ॲसिडने डोक्यावर, पाठीवर, शेपटीवर पिवळ्या खुणा करून ते नंबर टाकतात आणि कोणत्या खुणेला औषध दिलंय ते मला सांगत नाहीत. तसंच ठरलंय. मोजणाऱ्याला माहीत असलं की हात नकळत झुकतो.

शेवटी प्राणी मारावा लागतो. मी पहिल्या वेळी रडले, स्टोअररूममध्ये जाऊन. कोणी हसलं नाही. आईला अजून पटलेलं नाही, श्रावणात ती याबद्दल बोलतसुद्धा नाही.

स्मरणशक्ती मोजायला पाण्याचा गोल हौद असतो, मॉरिसचा. दुधाच्या पावडरीने पाणी गढूळ करायचं, पृष्ठभागाखाली एक चौथरा लपवायचा, आणि रॅटला तो किती सेकंदात सापडतो ते चार-पाच दिवस बघायचं. पुस्तकात लिहिलेलं नसतं ते असं की मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं कोमट येतं की रॅट्सना बाहेर पडायची घाईच नसते, निवांत तरंगतात. आम्ही बर्फ टाकून पाणी २४ अंशांवर आणतो. तीन दिवसांत दुधाच्या पावडरीला जो वास सुटतो, तो घेऊन मी लोकलमध्ये चढले की चौथी सीट आपोआप मिळते.

मेंदू काढल्यावर तो साखरेच्या तीस टक्के द्रावणात ठेवतात. आधी तरंगतो, मग एक-दोन दिवसांत हळूहळू तळाला बसतो. बसला की तयार. मग क्रायोस्टॅट या गोठवून काप घ्यायच्या यंत्रात उणे वीस अंशांना केसापेक्षा बारीक काप, रंगकामाच्या ब्रशने उचलून काचेवर. मग रंगवायचं: जीएफएपी या खुणेने ॲस्ट्रोसाइट्स, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी उजळतात, आयबीए-वनने मायक्रोग्लिया. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली इजेच्या बाजूला त्या फुगलेल्या, दाटीवाटीने जमलेल्या पेशी दिसल्या तेव्हा मला सोसायटीतला तो मुलगा आठवला. त्याच्या सीटीत काही नव्हतं.

आता कडू भाग. प्राण्यांवर छान चाललेली औषधं माणसांवर आपटली आहेत. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१४ मध्ये आले, दोन्हींत फायदा नाही. स्टेरॉइड्स तर डॉक्टर वर्षानुवर्षं देत होते. १०,००८ रुग्णांच्या 'क्रॅश' चाचणीत २००४ मध्ये दिसलं की स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले, न दिलेल्यांत १७.९. माझ्या मते यातला एक भाग आमच्या एकसारखेपणाचाच आहे. माझे सगळे रॅट्स एका वयाचे, नर, एकाच जातीचे, दोन ग्रॅमचा गुळगुळीत मेंदू, फटका मोजलेला, औषध ठरल्या मिनिटाला. हॉस्पिटलात येतो तो कधी दहीहंडीच्या चौथ्या थरावरून पडलेला सतरा वर्षांचा गोविंदा, कधी बाथरूममध्ये घसरलेल्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या आजी. दोघांच्या मेंदूला इजा आहे, बाकी काही जुळत नाही. एकसारखं केल्याशिवाय मला काही कळत नाही, आणि एकसारखं केलं की ते कोणासारखंच राहत नाही. यावर सर आणि मी चहाच्या टपरीवर अजून भांडतो. पुढच्या प्रस्तावात आम्ही माद्या आणि म्हातारे रॅट्स घालतोय. काका वैतागलेत, पिंजरे वाढणार म्हणून.

पैशाचं थोडक्यात. नेट, गेट, आयसीएमआर किंवा बीईटी यातली एखादी पात्रता परीक्षा काढून ठेवा. जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, घरभाडं वेगळं. नुसत्या प्रोजेक्ट असिस्टंटला बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी मिळतं, आणि ग्रँटचा हप्ता लांबला की पगारही लांबतो. माझा एकदा चार महिने लांबला होता. घर ठाण्यात होतं म्हणून निभावलं.

मेल पाठवताना 'मला न्यूरोसायन्सची आवड आहे' असं लिहू नका, सगळे तेच लिहितात. लॅबचा एखादा पेपर वाचून त्यातल्या पद्धतीवर एक प्रश्न विचारा. मुलाखतीत सर हमखास विचारतात: शॅम, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, ग्रुपच्या रॅटला काय काय करायचं? निम्मी मुलं म्हणतात, काहीच नाही. त्याला भूल द्यायची, कातडी उघडायची, चकती लावायची, टाके घालायचे, वेदनाशामक द्यायचं, फक्त वजन टाकायचं नाही.

आणि लॅब बघायला आधी एकदा या म्हटलं तर सकाळी लवकर या, पण परफ्यूम मारून येऊ नका. काका दारातूनच परत पाठवतात.