सेफ्टी शूज परत बोलावले की होणाऱ्या चुका : या टाळा

बडोद्याच्या माकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मी बरीच वर्षे स्टोअर आणि सेफ्टी अशी दोन्ही कामे बघतो. बूट बनवणाऱ्या कंपनीकडून पत्र येते : अमुक मॉडेल, अमुक महिन्यांचे उत्पादन, टो-कॅपमध्ये (बोटांवरच्या कडक टोपीत) दोष, वापर थांबवा, माल परत पाठवा. पुढे काय होणार हे मला आता पाठ झाले आहे. पत्र नोटीस बोर्डावर लागते, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडते, सगळे अंगठ्याचे चिन्ह टाकतात आणि बूट पायात तसेच राहतात. त्याच त्या चुका पाहून कंटाळलो, म्हणून लिहितोय.

खोके बघून मोकळे होणे

ही सर्वांत महागडी चूक. आमच्याकडेही झाली. पत्र आले त्या दिवशी स्टोअरच्या काकांनी सगळी खोकी तपासली, पत्रातल्या महिन्यांची वेगळी काढली आणि दुपारपर्यंत 'झाले काम' म्हणून रजिस्टर मिटले. मीही सही केली. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एक फिटर ओट्यावर पाय लांब करून बसला होता. त्याच्या बुटाची जीभ बाहेर आली होती आणि तिच्यावरच्या लेबलावर पत्रातलाच महिना होता. त्याचे खोके मात्र दुसऱ्याच महिन्याचे.

कारण साधे होते. आठ नंबर घट्ट झाला की माणूस बदलायला येतो, नऊ नंबर घेतो आणि जुना जोड हाताला येईल त्या खोक्यात टाकून जातो. वर्षभरात खोके आणि बूट यांचा काही संबंध उरत नाही. नंतर एकेक बूट उलटा करून पाहिला तेव्हा 'चांगल्या' खोक्यांत असे आणखी तीन जोड निघाले.

म्हणून मी खोके बघतच नाही. बूट हातात घेतो, जीभ बाहेर ओढतो, आतले लेबल वाचतो : मॉडेल, नंबर, मानक, उत्पादनाची तारीख. घामाने लेबल पुसले असेल तर सोल बघतो. पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) पुष्कळ सोलवर घड्याळासारखा छोटा गोल उठवलेला असतो. मध्ये वर्ष, कडेने बारा महिने आणि महिन्याकडे बोट दाखवणारा बाण. चिखल भरला असेल तर जुन्या टूथब्रशने घासायचे, ओला फडका फिरवायचा, मग वाचायचे. दोन्ही पायांचे बूट बघा. जोडातला डावा एका लॉटचा (एका वेळी बनलेल्या मालातला) आणि उजवा दुसऱ्या लॉटचा, असे मला दोनदा सापडले आहे. तारीख कुठेच वाचता आली नाही तर तो जोड दोषी धरायचा. त्यावर वाद घालत बसत नाही.

हातोडा मारून बघणे

'साहेब, मी हातोडा मारून पाहिला, काही झाले नाही.' हे वाक्य ऐकले की मला राग येतो, कारण बोलणाऱ्याला ते खरेच वाटत असते.

आयएस 15298 या भारतीय मानकाच्या भाग 2 मधला सेफ्टी शू 200 जूलचा आघात सोसायला हवा. म्हणजे 20 किलोचे वजन सुमारे एक मीटरवरून टो-कॅपवर पडायचे. त्याशिवाय 15 किलोन्यूटनचा दाबही त्याने सोसायचा असतो. भाग 3 मधला प्रोटेक्टिव्ह शू 100 जूलपुरता आणि भाग 4 मधल्या बुटाला टो-कॅपची अट नाही. दिसायला मात्र तिन्ही सारखे. प्रयोगशाळेत कॅपच्या आत मातीचा छोटा ठोकळा ठेवतात आणि आघातानंतर तो किती उंच उरला ते मोजतात. युरोपियन मापाच्या 42 नंबरच्या बुटात निदान 14 मिलिमीटर जागा उरावी लागते. तेवढ्या जागेत माणसाचे बोट वाचते. हातोड्याच्या घावाने तुम्हाला आतले काय कळणार? वरचे चामडे पुन्हा फुगून येते, आतले पोलाद वाकलेलेच राहते. एकदा जोराचा मार खाल्लेला टो-कॅप, रिकॉल (कंपनीने माल परत बोलावणे) असो वा नसो, बाद करायचा. म्हणजे हातोडा मारणाऱ्याने चांगला बूटसुद्धा वाया घालवला.

परत घेतलेले बूट पोत्यात भरून ठेवणे

एका कारखान्यात रिकॉलचे बूट गोळा करून पोत्यात भरले आणि पोते स्टोअरच्या मागे ठेवले, कंपनीची गाडी येईपर्यंत. कॉन्ट्रॅक्टरचा एक हेल्पर चपलेवर काम करायचा. त्याला कुणीतरी म्हणाले, 'चांगले बूट पडलेत, घेऊन जा.' त्यात फसवण्याचा हेतू नव्हता, दयाच होती. आठवड्याने पाइपचा तुकडा घसरून त्याच्या पायावर पडला. कॅपची मागची कड खाली बसून अंगठ्यात रुतली होती. बूट ओढून निघेना, चामडे कापून काढावा लागला. बोट वाचले, नख गेले. तो सारखा एकच विचारत होता, 'बूट तर घातलेच होते ना?' त्याला काय उत्तर द्यायचे ते मला सुचले नाही.

तेव्हापासून जोड हातात आला की दोन्ही बूट तारेने एकत्र बांधतो, टाचेवर आणि बोटांवर लाल ऑइल पेंटची फुली मारतो, फोटो काढतो आणि कुलूपबंद खोलीत ठेवतो. कंपनीने माल परत नको असे लेखी कळवले की ग्राइंडरने सोल आडवा कापतो. भंगारवाल्याला अख्खा बूट कधीच देत नाही. दिला तर तोच बूट रविवारच्या बाजारात पुन्हा विकायला येतो.

बाकीच्या, थोडक्यात

बदली जोड हातात नसताना 'बूट काढा' म्हणू नका. माणूस चपलेवर मशीनपाशी उभा राहील. आधी नवे जोड मागवा, तोवर त्याला जड सामानापासून लांबचे काम द्या.

आयएसआय मार्क आहे, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) बीआयएस केअर ॲपवर लायसन नंबर खरा निघाला, म्हणून बूट निर्धोक ठरत नाही. तो नंबर कारखान्याचा असतो, दोष लॉटमध्ये असतो.

सोलचा भुगा झाला की लोक तो रिकॉलचा दोष समजतात. पीयू दमटपणाने आणि उष्णतेने आपोआप सडतो, न वापरता कपाटात ठेवला तरी. 2024 च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुरात भिजलेले जोड वाळवून पुन्हा वाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

विकणारा दाद देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, बिल आणि लेबलचे फोटो जवळ ठेवा.

आणि रजिस्टर घाईने मिटू नका. रात्रपाळी, सुट्टीवर गेलेले, काम सोडून गेलेले, सगळ्यांची नावे इश्यू रजिस्टरवरून (कुणाला बूट दिले त्या नोंदवहीवरून) काढून एकेकाला फोन करा. आमचा शेवटचा जोड दाहोदकडच्या एका गावात होता. आमचा माणूस होळीला गेला तेव्हा तो धाकट्या भावाला देऊन आला होता आणि भाऊ तोच घालून विटा वाहत होता. नवा जोड एसटीने पाठवला, जुना कापल्याचा फोटो आला, तेव्हा त्या ओळीपुढे सही केली.