गॅस गीझर आणि एसीची घरच्या घरी साफसफाई, आणि कुठे हात लावायचा नाही ते

गॅसचा गीझर आणि बेडरूममध्ये एक स्प्लिट एसी, ही जोडी आता पुण्यात बऱ्याच घरांत असते. पण सर्व्हिसिंगची आठवण कधी होते, तर गीझरची नरक चतुर्दशीला पहाटे घरभर पाहुणे अंघोळीच्या लाइनीत उभे असताना, आणि एसीची एप्रिलमध्ये, जेव्हा मेकॅनिक फोनच उचलत नाही. म्हणून सोपा हिशोब, गीझर नवरात्रात, एसी शिवरात्रीच्या आसपास. दोन्ही वेळेला माणूस लगेच मिळतो आणि बरंचसं काम तर आपलं आपल्यालाच जमतं.

आधी गीझर, कारण त्यात जिवाशी खेळ आहे. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी गीझर लावलाय कुठे ते बघा. गॅस जळायला हवा लागते, ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलेंडरच्या गॅसचा वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते आणि कडी उघडायचं भान राहात नाही. त्यामुळे बंद बाथरूममध्ये गॅस गीझर नकोच, कितीही साफ ठेवा. आपल्याकडे बऱ्याच फ्लॅटमध्ये तो ड्राय बाल्कनीत असतो, जागा उत्तम, पण मग पाऊस आत येतो म्हणून लोक स्लायडिंग बसवतात, कबुतरं येतात म्हणून वरची फट पुठ्ठ्याने बुजवतात, झाली की पुन्हा बंद खोली. तो पुठ्ठा काढा आणि जाळी लावा. आणि नाइलाजाने गीझर अजून बाथरूममध्येच असेल तर तो हलवेपर्यंत तरी बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, दार-खिडकी उघडून जरा हवा जाऊ द्यायची, मग अंघोळ.

आता सफाई. गॅसचा कॉक बंद, सिलेंडर असेल तर रेग्युलेटर बंद, पाण्याचा अँगल कॉक बंद, सेल काढून ठेवा आणि गीझर पूर्ण गार होऊ द्या. सेल म्हणजे खालच्या डबीतले ते दोन जाडे 1.5 व्होल्टचे. गीझर पेटत नाही म्हणून आलेल्या तक्रारींत निम्म्या वेळा हेच निघतं असं कुठलाही मेकॅनिक सांगेल, अर्थात व्हिजिट चार्ज घेऊन झाल्यावर. डबीतल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरं काही साचलं असेल तर पॉलिश पेपरने हलकं घासा, आणि दोन्ही सेल एकदम बदला, एक जुना एक नवा करू नका.

मग पाण्याची जाळी. गीझरला पाणी जिथून आत जातं तो पाइप पान्याने सोडवला की तोंडाशी नखाएवढी जाळी दिसते. त्यात वाळू, गंज, टाकीतला गाळ, प्लंबरच्या टेफ्लॉन टेपचे तुकडे, काय वाट्टेल ते अडकलेलं असतं. जुन्या ब्रशने घासा, पांढरे क्षार धरले असतील तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये टाका. ही जाळी फार महत्त्वाची, कारण गीझर पेटतो तोच मुळी पाण्याच्या जोरावर, पाण्याचा दाब आला की आतला पडदा सरकतो, मायक्रोस्विच दाबला जातो आणि मग ठिणगीची टिकटिक सुरू होते. सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली राहणाऱ्यांना हा त्रास जास्त, तिथे दाबच कमी असतो.

त्या टिकटिकीवरून रोग ओळखता येतो. टिकटिकच नाही, तर सेल किंवा पाण्याचा दाब. टिकटिक आहे पण जाळ नाही, तर गॅस पोचत नाहीये, कॉक बघा, सिलेंडर बघा, नुकतं सिलेंडर बदललं असेल तर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ चालू-बंद केला की पेटतो. पेटून लगेच विझतो, तर ज्योत ओळखणाऱ्या सळईवर काजळी असेल नाहीतर सेल शेवटच्या घटका मोजतायत. आणि बराच वेळ चालून आपोआप बंद पडला तर तो बिघाड नाही, बऱ्याच मॉडेलमध्ये 20 मिनिटांचा टायमर असतो, आणि तो आपल्याच भल्यासाठी आहे.

समोरच्या छोट्या खिडकीतून ज्योत बघायची सवय लावा. निळी आणि सरळ हवी. पिवळी, लाल, फडफडणारी दिसली, किंवा वरच्या पत्र्यावर काळं धरलं, तर गीझर वापरणं थांबवा. बर्नरमध्ये धूळ, कोळ्याची जाळी असते, बाणेर-वाकडकडे शेजारी बिल्डिंगचं काम चालू असेल तर विचारूच नका. नॉब ओढून, कव्हरचे स्क्रू काढून वरवरची धूळ मऊ ब्रशने काढली तर चालतं. पण बर्नर सोडवणं, तांब्याच्या पत्र्यांमधली काजळी काढणं हे मेकॅनिकचं काम. आणि जेटच्या, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या बारीक तोटीच्या, भोकात पिन घालू नका! भोक जरासं जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो आणि काजळी कायमची मागे लागते. जेटवरून आठवलं, सोसायटीत एमएनजीएलची, म्हणजे पाइपच्या गॅसची, लाइन आली की लोक सिलेंडरवरचा गीझर तसाच पाइपच्या गॅसला जोडून मोकळे होतात. दोन्हीचा दाब वेगळा, जेट वेगळे, त्यामुळे कंपनीच्या माणसाकडून बदलून घ्या किंवा पीएनजीचाच (पाइपच्या गॅसचा) गीझर घ्या.

खडकवासल्याचं पाणी असेल तर क्षारांचा फार त्रास नाही. वाघोली, उंड्री बाजूला टँकर आणि बोअरवर दिवस काढणाऱ्यांचं मात्र वेगळं, तिथे आतल्या तांब्याच्या नळीत थर बसतो, पाणी पूर्वीसारखं तापत नाही, धार बारीक होते, आतून उकळल्यासारखा आवाज येतो. मग डिस्केलिंग, म्हणजे तो थर काढून टाकणं, करून घ्यायचं. टॉयलेटचं ॲसिड ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तांबं खातं ते.

सगळं जोडून झालं की साबणाच्या पाण्याचा फेस नळीच्या दोन्ही टोकांना आणि कॉकला लावा, बुडबुडे आले तर लीक. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना लांब ठेवा. नारिंगी सुरक्षा नळी 5 वर्षांनी बदलायची, चीर पडलेली दिसली तर आधीच. सिलेंडरचा गॅस लीक होत असेल तर 1906, पाइपच्या गॅसचा इमर्जन्सी नंबर बिलावर असतो, तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.

एसीचं त्यामानाने सोपं. एमसीबी पाडा, समोरचं झाकण उचला, जाळ्या काढून नळाखाली धुवा, सावलीत वाळवा आणि परत लावा. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी. मागच्या कॉइलवरून मऊ ब्रश वरून खाली फिरवा, आडवा नाही, पत्रे वाकतात. उजव्या बाजूला बहुतेकांत सर्किट असतं, तिकडे पाणी जाऊ देऊ नका. भिंतीवरून पाणी गळायला लागलं तर घाबरू नका, ड्रेनच्या पाइपात शेवाळ्यासारखा बुळबुळीत गाळ अडकलेला असतो, बाहेरच्या टोकाकडून तो काढला की झालं. बाहेरच्या युनिटमध्ये काड्या, पिसं आणि कबुतरांची घाण, तोंडाला मास्क लावून साफ करा, हात पोचत नसेल तर ग्रिलच्या बाहेर लोंबकळू नका, माणूस बोलवा.

तो माणूस आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "गॅस कमी आहे." एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळीत तोच तो फिरत असतो, कमी झाला याचा अर्थ कुठेतरी लीक आहे. तेव्हा आधी जाळी धुवून बघा, कारण जाळी तुंबली तरी कूलिंग पडतं आणि कॉइलवर बर्फही धरतो. तरीही गॅसच म्हणत असेल तर लीक कुठे आहे ते दाखव, ते बुजव, व्हॅक्यूम कर, म्हणजे नळीतली हवा ओढून काढ, आणि मग वजनावर गॅस भर असं सांगा. नवीन मशीनमध्ये बहुतेक आर-32 असतो, तो थोडाफार पेट घेऊ शकतो, त्यामुळे हा भाग यूट्यूब बघून करायचा नाही.