फुल फेस मास्क: दुकानातल्या खुर्चीत निवडू नका, आडवं होऊन निवडा

झोपेत श्वास अडतो (स्लीप ॲप्निया) म्हणून स्लीप स्टडी झाली, डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने झोपेत घसा उघडा ठेवणारं यंत्र, लिहून दिलं, दाब ठरला, असं धरून पुढचं लिहिते. यंत्र घेताना लोक चार ठिकाणी चौकशी करतात आणि मास्क मात्र विक्रेता पिशवीतून काढेल तो घेऊन घरी येतात. अहो, रात्रभर तोंडावर असणार तो मास्क! महागडं यंत्र कपाटावर जाऊन पडतं ते बऱ्याच घरांत मास्कच्या जाचामुळे. मी स्वतः फुल फेस मास्क लावून झोपते, आणि नात्यातल्या, सोसायटीतल्या कितीतरी जणांना तो बसवून दिला आहे. “पट्टे आवळा, होईल सवय” हा सल्ला ऐकला की माझा पारा चढतो. का ते खाली सविस्तर सांगते.

पायरी १: फुल फेस खरंच लागतो का?

नाक आणि तोंड दोन्ही झाकतो तो फुल फेस. झोपेत तोंड उघडं राहत असेल, नाक कायम चोंदलेलं असेल, नाकाचा पडदा वाकडा असेल, तर हा मास्क लागू शकतो. “फुल आहे म्हणजे जास्त चांगला” या समजुतीने घेऊ नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही सर्वसाधारणपणे नाकापुरत्या मास्कलाच पसंती दिलेली आहे. फुल फेसची कड लांब, त्यामुळे हवा निसटायला जागा जास्त. शिवाय खालचे पट्टे हनुवटी मागे ओढतात. जबडा मागे गेला की जीभही मागे सरकते आणि घशातली जी वाट उघडी ठेवायला यंत्र लावलं, तीच अरुंद होते. नाक ॲलर्जीने बंद असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. काहींचं त्यानंतर साध्या नाकाच्या मास्कवर भागतं.

पायरी २: जीवाशी खेळ होईल असे मास्क बाजूला काढा

खालच्या पट्ट्यांच्या क्लिपा अनेक मास्कमध्ये चुंबकाच्या असतात. अंधारात चटकन लागतात म्हणून लोकांना आवडतात. पण पेसमेकर, आयसीडी (ठोके बिघडले तर हृदयाला झटका देणारं उपकरण), कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतला शंट (पाणी वाहून नेणारी नळी) किंवा धातूची क्लिप असेल तर असा मास्क घेऊ नका. मास्क बनवणाऱ्या फिलिप्सने २०२२ मध्ये आणि रेसमेडने २०२३ मध्ये याबद्दल इशारे दिले आहेत, आणि ते शेजारी झोपणाऱ्या माणसालाही लागू आहेत. म्हणजे पेसमेकर यजमानांना असेल तरी मास्क बिनचुंबकाचाच हवा. साध्या प्लास्टिकच्या क्लिपांचे मास्क मिळतात, स्पष्ट मागून घ्या.

दुसरं, छिद्रं. घरच्या सीपॅपला नळी एकच असते. सोडलेला श्वास बाहेर जातो तो मास्कवरच्या बारीक छिद्रांतून. हॉस्पिटलात व्हेंटिलेटरला लावायचे काही मास्क बिनछिद्री असतात आणि दिसायला अगदी आपल्यासारखेच असतात. नळी जोडायचा कोपरा त्यांत बहुधा निळा असतो. कुणी सुटा, स्वस्तात देतोय म्हणून असा मास्क आणला तर रात्रभर आपलाच कार्बन डायऑक्साइड आपण परत ओढत राहू. छिद्रांतून वारा येतो, आवाज होतो म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका.

आणि ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, किंवा ज्यांना उलट्या होण्याची शक्यता आहे, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुल फेस लावू नये. उलटी मास्कमध्ये अडकून श्वासनलिकेत जाऊ शकते.

पायरी ३: प्रकार

नाकाचा पूल झाकणारे (रेसमेडचा एअरफिट एफ२०, फिशर अँड पायकलचे सिम्प्लस आणि व्हिटेरा) जास्त दाबाला सहसा चांगले टिकतात, पण पुलावर वळ उठवतात. नाकाच्या खालून बसणारे (एअरफिट एफ३०, फिलिप्सचा ड्रीमवेअर फुल फेस, फिशर अँड पायकलचा इव्होरा फुल) लावून चष्मा घालता येतो, डोळ्यांसमोर काही येत नाही. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी आधी हेच बघावेत. दाट मिशीवर मात्र यांची कड नीट टेकत नाही. रात्रभर कुशी बदलणाऱ्यांना नळी डोक्यावरून येणारा, एफ३०आय किंवा ड्रीमवेअरसारखा, सोयीचा पडतो. घरच्या नेहमीच्या यंत्रांना कुठल्याही कंपनीचा मास्क चालतो, कारण नळीचं तोंड सारखंच असतं. रेसमेडचं प्रवासातलं छोटं यंत्र एअरमिनी याला अपवाद आहे, त्याला ठरावीकच मास्क लागतात.

पायरी ४: माप

कंपनीचा मापाचा कागद किंवा गेज मागा आणि तोंड किंचित उघडं ठेवून माप घ्या. खालची कड ओठ आणि हनुवटी यांच्यामधल्या खळगीत टेकली पाहिजे. “सगळ्यांना मीडियमच बसतो” म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून उठून या. एफ२०ची चौकट एकच असते आणि तिला लहान, मध्यम, मोठं यातलं कुठलंही कुशन (चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग) बसतं, त्यामुळे माप चुकलं तरी अख्खा मास्क पुन्हा घ्यावा लागत नाही.

पायरी ५: बसवणं

सगळी गोम इथे आहे. मीही सर्वांत जास्त झगडले ते याच पायरीवर, म्हणून इथे घाई करू देणार नाही.

दुकानात आपण खुर्चीत ताठ बसतो, मास्क लावतो, आरशात बघतो आणि “छान बसला” म्हणतो. पण आडवं झालं की गाल कानांकडे ओघळतात, झोप लागली की जबडा सैल पडतो आणि चेहऱ्याचा आकारच बदलतो. त्यात दुकानात हवा एक तर बंद असते किंवा अगदी मंद. रॅम्प चालू असेल तर यंत्र कमी दाबावर सुरू होतं. दाब आपोआप कमीजास्त करणारं ऑटो यंत्र तर खरा दाब झोप लागल्यावर, विशेषतः उताणं असताना चढवतं. चारच्या दाबावर (यंत्रावर दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात) न गळणारा मास्क बारावर शिट्टी वाजवू लागतो. म्हणून आपल्या अहवालात ‘९५ टक्के’ या शब्दांपुढे जो दाब लिहिला असेल (रात्रीच्या ९५ टक्के वेळात दाब त्याच्या आत राहिला, असा त्याचा अर्थ) तो बघा आणि विक्रेत्याला यंत्रावर तोच दाब स्थिर लावून द्यायला सांगा. घरी रेसमेडचं एअरसेन्स १० यंत्र असेल तर त्यात मास्क तपासायला ‘मास्क फिट’ ही सोय आहे, ती वापरा.

आता क्रम. चारही पट्टे पूर्ण सैल करा. मास्क लावा. आडवे व्हा, तेही आपल्या रोजच्या उशीवर. हवा सुरू करा. मग मास्क दोन्ही हातांनी चेहऱ्यापासून पुढे उचला आणि अलगद परत टेकवा. ही एक कृती कुणीच सांगत नाही आणि निम्म्या तक्रारी हिच्यानेच मिटतात.

कारण असं की सिलिकॉन कुशनच्या कडेला आत एक अगदी पातळ पापुद्रा असतो. हवा भरली की तो फुगतो आणि चेहऱ्याला लागून बसतो. हवा अडते ती या पापुद्र्याने, पट्ट्याच्या जोराने नाही. फुगलेल्या पुरीवर झारा दाबला की ती बसते, तसंच घट्ट पट्ट्याखाली हा पापुद्रा चेपतो, त्याला घडी पडते आणि त्या घडीतून हवा निसटते. मग माणूस आणखी आवळतो, घडी आणखी पडते आणि सकाळी नाकावर लाल वळ. गळती दिसली की पट्टा आधी सैल करायचा, मास्क उचलून पुन्हा टेकवायचा आणि मग दोन्ही बाजू एकदम, सारख्या, थोड्या थोड्या ओढायच्या. हवा थांबली की हात थांबवायचा. पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे.

हवा कुठून निसटते तेही बघा. डोळ्यांत येत असेल तर लोक वरचे पट्टे आवळतात. पण बहुतेकदा कुशन मोठं असतं किंवा वरचे पट्टे आधीच अति घट्ट असतात. खालून, हनुवटीजवळून येत असेल तर जबडा ढिला सोडून बघा. कड ओठावर चढत असेल तर कुशन लहान आहे.

मग दोन्ही कुशींवर वळा. नळी ताणली जाते का, उशीची कड मास्कला ढकलते का ते बघा. निदान वीस मिनिटं तसंच पडून राहा. विक्रेता एवढा वेळ देत नसेल तर पैसे देऊ नका, कारण वापरलेला मास्क परत घ्यायला बहुतेक जण नाखूश असतात.

कवळी असणाऱ्यांनी ती काढून माप द्यावं आणि काढूनच बसवून बघावं. माझ्या सासऱ्यांचा मास्क दुपारी दुकानात अगदी चपखल बसला होता. रात्री कवळी वाटीत गेली, गाल आत गेले आणि दोन्ही बाजूंनी हवा सुटायला लागली. पट्टे आवळून ते बिचारे रात्रभर जागे. बिनकवळीच्या चेहऱ्यावर लहान कुशन बसवलं तेव्हा त्यांना झोप लागली.

पहिल्या काही सकाळी यंत्रातली गळती बघायला विसरू नका. रेसमेडच्या यंत्रांत मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालते. यंत्रात मास्कचा प्रकार ‘फुल फेस’ निवडलेला असला पाहिजे, नाहीतर तो आकडा विश्वासाचा नाही. उठल्यावर दिसणारी पुसट खूण थोड्या वेळात गेली तर ठीक. दुपारपर्यंत राहिली किंवा कातडी सोलली, तर तो मास्क तुमचा नाही. “घट्टे पडतील, मग दुखणार नाही” असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती जखम असते आणि ती वाढते.

पायरी ६: रात्रीची तयारी

तोंड साबणाने धुवा आणि क्रीम लावू नका. तेलकट कातडीवर सिलिकॉन घसरतं. डोक्याला तेल लावायचं तर सकाळी, नाहीतर पट्टे तेलाने ढिले पडतात आणि उशीवर सरकतात. अंबाडा, क्लचर यांनी मागचा पट्टा वर चढतो, त्यामुळे सैल वेणी घाला आणि ती पुढे घ्या. चमकी कुशनच्या कडेखाली येत असेल तर रात्री काढून ठेवा, नाहीतर पापुद्र्याला भोक पडेल. वाढलेली दाढी असेल तर फोमच्या कुशनचा एअरटच एफ२० बघा, पण ते कुशन पाण्याने धुवायचं नसतं आणि महिन्यागणिक बदलावं लागतं. तो खर्च आधीच जमेस धरा.

पायरी ७: निगा

सिलिकॉन कुशन रोज कोमट पाणी आणि सौम्य साबण, पट्टे आठवड्यातून एकदा. उकळतं पाणी, स्पिरिट, डेटॉल काही नको. वाळवायचं सावलीत.

कड मऊ, चिकट, पिवळसर झाली आणि रोज थोडं जास्त आवळावं लागू लागलं की कुशन बदला. नवं लावताना पट्टे पुन्हा पूर्ण सैल करून, आडवं होऊन, पाचवी पायरी पहिल्यापासून करा. जुन्या कुशनसाठी ओढलेले पट्टे नव्याला फार घट्ट होतात.