जुने लँटर्न घड्याळ: घेताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

लँटर्न घड्याळ विकत घेताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तबकडीवर कोरलेले जुन्या कारागिराचे नाव पाहून हुरळून जाणे आणि आतील यंत्र न उघडताच व्यवहार पक्का करणे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रूढ झालेले हे पितळी घड्याळ भिंतीवर टांगले जाई, वजनांवर चाले आणि बहुधा एकाच काट्याने वेळ दाखवी. व्हिक्टोरियन काळात अशा कित्येक घड्याळांतील मूळ यंत्र काढून टाकून स्प्रिंगवर चालणारे नवे यंत्र बसवले गेले, कारण तसे घड्याळ फळीवर ठेवता येत असे. तबकडीवर चावीची छिद्रे दिसली, तर अशा बदलाची शंका घ्यावी. तासांचे कडेही नीट पाहावे. एका काट्याच्या कड्यावर प्रत्येक तासाचे चार भाग, म्हणजे एकूण ४८ भाग, कोरलेले असतात. तेव्हा काटे दोन आणि मिनिटांच्या खुणा मात्र नाहीत, असे आढळल्यास दुसरा काटा नंतर आला आहे हे उघड होते.

याउलट, झालेला प्रत्येक बदल दोष मानणे हीदेखील चूकच आहे. सुरुवातीच्या लँटर्न घड्याळांत लंबक नव्हता. वेळ राखण्याचे काम मागेपुढे झुलणारे बॅलन्स चक्र करीत असे आणि त्यात दिवसाकाठी पाव तासाचा फरक पडला तरी कोणी तक्रार करीत नसे. घड्याळजी फ्रोमॅन्टील यांनी १६५८ मध्ये लंडनमध्ये लंबकाच्या घड्याळांची जाहिरात केली आणि त्यानंतर मालकांनी आपापल्या जुन्या घड्याळांना आखूड लंबक, पुढे अँकर पद्धतीचा, म्हणजे नांगरासारख्या तुकड्याने चाक अडवत-सोडत चालणारा, लांब लंबक बसवून घेतला. वरच्या पट्टीवरील रिकामी किंवा बुजवलेली छिद्रे हा सारा इतिहास सांगतात. ती भरून, घासून सपाट करणे किंवा अंदाजाने नवे बॅलन्स चक्र घडवून घड्याळ ‘मूळ रूपात’ आणणे मला अजिबात पटत नाही, कारण त्यात तीनशे वर्षांचा खरा पुरावा जाऊन त्या जागी आपली कल्पना येते. एखादा भाग बदलणे अटळच असेल, तर काढलेला तुकडा चिठ्ठी लावून घड्याळाबरोबरच जपावा.

सर्वाधिक नासधूस होते ती स्वच्छतेच्या नावाखाली. फिरत्या बफवर पितळ चकचकीत केले की कोरीवकामाच्या धारा बोथट होतात, वरच्या शोभेच्या जाळीत कोरलेल्या डॉल्फिनचे खवले पुसट होतात आणि आकड्यांत भरलेले काळे मेण उष्णतेने वितळते. अमोनियायुक्त द्रावणात भाग रात्रभर बुडवून ठेवणे तर त्याहून घातक आहे, कारण ताण असलेल्या पितळेला अमोनियामुळे भेगा पडतात. भारतातील ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तडे जात, त्यामागेही तबेल्यांतील अमोनियाच होता. पाण्यात मिसळलेला सौम्य साबण, मऊ ब्रश आणि लगेच पूर्ण कोरडे करणे एवढे बहुतेक वेळा पुरते.

घड्याळ चालू होऊन थोड्याच वेळात थांबत असेल, तर यंत्र खोलण्याआधी ते भिंतीवर सरळ आणि घट्ट टांगले आहे का, हे तपासावे. मागच्या लोखंडी कड्यावर भार येतो आणि खालचे दोन अणकुचीदार खुंट भिंतीत रुतून घड्याळाला डुलू देत नाहीत. खुंट मोकळे राहिले की दोर ओढताना घड्याळ तिरके होते. ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांमधील अंतर कानाला सारखे वाटले पाहिजे.

काटा पाचवर आणि ठोके सात, अशी तक्रार फार ऐकू येते. किती ठोके पडावेत हे ठरवणारे खाचांचे चक्र काट्याच्या जागेवर अवलंबून नसून केवळ आपल्या क्रमाने पुढे सरकते. त्यामुळे ठोक्यांचे वजन आधी खाली पोहोचले की दोघांची चुकामूक होते. काटा फिरवत राहिल्यास प्रत्येक तासाला पुन्हा ठोके पडतात आणि फरक तसाच राहतो. त्याऐवजी ठोके सोडणारी तरफ बोटाने हलकेच उचलावी आणि योग्य संख्या येईपर्यंत घंटा वाजू द्यावी.

तेल फक्त आसांच्या टोकांना आणि एस्केपमेंटच्या (चाकांना एकेक दाता पुढे सोडणाऱ्या रचनेच्या) घासणाऱ्या पृष्ठभागांना, तेही थेंबभर द्यावे. चाकांच्या दात्यांना तेल लावले की त्यावर धूळ बसते, ती मऊ पितळेत रुतते आणि समोरचे पोलादी दातेच झिजवते. दोर घसरत असल्यास वजन वाढवू नये. बहुधा नवा दोर बारीक किंवा गुळगुळीत असतो, त्यामुळे तो कप्पीच्या खिळ्यांवर पकड घेत नाही.