वरचं दूध: पाणी कोमट नको, गरमच हवं

लेक बाळंतपणाला डिचोलीला आमच्याकडे आली ती ऐन पावसात. बाळ वेळेआधी झालं, तिला दूध पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी अंगावरच्या दुधाच्या जोडीला पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं. पहिले चार दिवस बाटली मीच करत होते. पाणी उकळायचं, पार कोमट होऊ द्यायचं, मग पावडर घालायची. बाळाचं तोंड भाजू नये एवढीच काळजी. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती गरम घेता, आजी?" मी कोमट म्हटलं, आणि त्यांनी मला खाली बसवून समजावलं.

पावडरचा डबा कितीही सीलबंद असला तरी आतली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात. दोन महिन्यांच्या आतल्या आणि वेळेआधी झालेल्या बाळांना त्यांचा धोका सगळ्यात जास्त. कोमट पाण्यात ते मरत नाहीत, उलट वाढतात. पाणी निदान 70 अंश सेल्सियस हवं. काही डब्यांवर कोमट पाणी घ्या असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर आपल्या बाळाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता मी असं करते. आधी हात साबणाने धुवायचे, ओटा पुसायचा. बाटली, बाळ चोखतं ते बूच, रिंग सगळं सुटं करून ब्रशने घासायचं. बूच उलटं करून उजेडात बघा. रिंगेखालच्या कडेला पांढरा, बुळबुळीत थर राहतो, तो नुसत्या पाण्याने जात नाही. मग सगळं मोठ्या पातेल्यात पूर्ण बुडवायचं, बाटलीत हवा अडकू द्यायची नाही, आणि पाच मिनिटं खळखळ उकळायचं. काढायला चिमटाही त्यातच उकळलेला.

दुधासाठी लिटरभर पाणी वेगळं उकळते. पावसात आमच्या विहिरीचं पाणी गढूळ होतं, म्हणून बाळासाठी नळाचंच घेते. गॅस बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत ते वापरायचं. पाणी थोडंच असेल तर लवकर निवतं, मग इतकाही वेळ थांबू नका. आधी बाटलीत मापाने पाणी, नंतर पावडर. डब्यातलाच चमचा घ्यायचा, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. शिगोशीग नको, दाबून नको. पाण्याला किती चमचे ते डब्यावर असतं, आणि प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. दूध पुरवायला पातळ केलं तर बाळाचं पोषण होत नाही, दाट केलं तर त्याच्या अंगातलं पाणी कमी पडतं. साखर, मध काहीही घालू नका.

झाकण लावून हलवायचं आणि बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरायची, पाणी झाकणाच्या खालीच राहील असं. मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून बघायचं. मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध कुठे गार, कुठे चटका बसेल इतकं गरम राहतं.

चवथीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. अर्धी बाटली उरली, तर माझी जाऊ म्हणाली, "ठेव गो, परत लागेल." मी सिंकमध्ये ओतली. तिला वाईट वाटलं, पावडर महाग आहे हे मलाही कळतं. पण बाळाने तोंड लावलेलं दूध ठेवायचं नाही, आणि न लावलेलंही बाहेर दोन तासांवर नाही. फ्रिजमध्ये 5 अंशांच्या आत चोवीस तास चालतं, पण आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी प्रत्येक वेळी ताजंच करते. रात्रीसाठी उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरते. दोनला उठलं की आधी थर्मामीटरने बघायचं, सत्तरच्या खाली गेलं असेल तर सरळ गॅस पेटवायचा. बाळ तोवर रडतं, लेक त्याला घेऊन फेऱ्या मारते.